म्हाताऱ्या कुत्र्याच्या जाण्याची तयारी आधीच करायची आहे, माहिती हवी

पिंपळपान (रविवार, सकाळी १०:२०)

आमचा खंडू तेरा वर्षांचा लॅब्रॅडॉर. वर्षभर किडनीचं दुखणं चालू आहे. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) चढतंच आहे. कातडीखाली सलाईन दिलं की एखाद-दोन दिवस बरा असतो, मग पुन्हा खाणं सोडतो. डॉक्टरांनी परवा समोर बसवून सांगितलं की आता महिन्यांचा हिशेब धरू नका, आठवड्यांचा धरा.

रडणं चालूच आहे, पण धागा त्यासाठी काढलेला नाही. मला तयारी करायची आहे. आम्ही पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई आणि नऊ वर्षांची लेक. खंडू वजन उतरूनही एकतीस किलोचा आहे. लिफ्ट आहे पण लहान. इथे जमीन नाही. सासूबाईंचं गाव रत्नागिरीजवळ, तिथे घरामागे वाडी आहे, पण गाडीने सहा-सात तास लागतात.

रात्री-बेरात्री गेला तर सकाळपर्यंत काय करायचं? पुरावं की दहन करावं? दहनाला कागद काय लागतात? डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन कायमचं झोपवण्याचा पर्यायही सुचवलाय. तसं ठरलं तर पुढचं काही बदलतं का? महापालिकेचा परवाना आहे, त्याचं काय करतात?

जिवंत असताना असला विचार करू नये असं घरात एक-दोघं म्हणाले. मला उलट वाटतं. त्या वेळी मला फोनवर नंबर शोधत बसायचं नाही, त्याच्याजवळ बसायचं आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी बारीकसारीकही लिहा.

आडवाट (रविवार, ११:०५)

पिंपळपान, आधी विचारताय हे फार चांगलं करताय.

पुण्यात महापालिकेची लहान प्राण्यांची दाहिनी नायडू रुग्णालयाच्या बाजूला आहे, पिंपरी-चिंचवडची नेहरूनगरला. खासगी सेवाही आहेत. पण इथे वाचून थांबू नका, याच आठवड्यात दोन्हीकडे स्वतः फोन करा. वेळा काय, रविवारी चालू असते का, रात्री घेतात का, किती किलोपर्यंत घेतात, पैसे रोख की ऑनलाइन. दाहिनी दुरुस्तीसाठी बंद असणं नेहमीचं आहे, त्यामुळे दुसरं ठिकाण लिहून ठेवाच.

कागद म्हणाल तर डॉक्टरांची मृत्यूची चिठ्ठी (तारीख, वजन, कारण आणि सही-शिक्का असलेली), परवाना किंवा लसीकरणाचं पुस्तक आणि तुमचं आधार. एका पाकिटात घालून ठेवा. घरीच गेला तरी बहुतेक डॉक्टर त्यांचा नेहमीचा पेशंट असेल तर चिठ्ठी देतात. तेही आत्ताच विचारून घ्या.

खासगी सेवा घेणार असाल तर त्यांना एवढंच विचारा: दहन एकेकट्याचं करता की एकत्र? आम्ही समोर उभे राहू शकतो का? राख कधी आणि कशात देता? आमच्या नात्यातल्या एकांना एका सेवेने राख दिली आणि नंतर कळलं की दहन चार-पाच प्राण्यांचं एकत्र झालं होतं. एकत्र दहनात चूक काही नाही, स्वस्तही पडतं. पण ते आधी सांगायला हवं होतं. त्या माणसाने ती राख पंढरपूरला नेली होती.

गुरांचा_डॉक्टर (रविवार, दुपारी १:४०)

मी सातारा जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. नावात गुरं असली तरी निम्मे पेशंट आता कुत्रीच आहेत. पहिल्या काही तासांबद्दल नीट लिहितो, कारण लोक तिथेच घाबरतात.

गेला की नाही, हे ओळखणं. छाती हलत नाही, मांडीच्या आतल्या बाजूला बोट दाबून नाडी लागत नाही, डोळ्याच्या कोपऱ्याला हलकेच स्पर्श केला तर पापणी मिटत नाही. हे पाच-दहा मिनिटं बघा. प्राण गेल्यावरही एखादा मोठा श्वास घेतल्यासारखं होतं, कातडी थरथरते, पाय झटकल्यासारखा हलतो. ते स्नायूंचं असतं, त्याला वेदना नसते. उचलताना छातीतली हवा बाहेर पडून आवाजही येतो. ज्यांना हे माहीत नसतं ते ‘अजून जिवंत होता का’ या विचाराने वर्षानुवर्षं झुरतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

डोळे बहुतेक वेळा उघडेच राहतात. मिटून धरले तरी पुन्हा उघडतात. तुमच्याकडून काही राहिलं असं समजू नका.

लघवी आणि शी सुटते, तोंडानाकातून थोडं पाणी येऊ शकतं. त्यामुळे खाली आधी प्लॅस्टिक, त्यावर जुनी चादर, मागच्या भागाखाली आणि डोक्याखाली पंचा किंवा मोठ्या माणसांचा डायपर. हातमोजे घाला. लेप्टोस्पायरोसिस हा माणसांनाही होणारा आजार लघवीतून पसरतो, म्हणून लघवी पुसताना तर हवेतच.

दोन-तीन तासांत अंग ताठायला लागतं, जबड्यापासून सुरू होतं. त्याच्या आत पाय पोटाशी दुमडून, झोपल्यासारखा वळवून ठेवा. एकदा पाय लांब असतानाच ताठला की लहान लिफ्टमधून किंवा गाडीच्या मागच्या सीटवर नेणं अवघड होतं आणि जोर लावून दुमडणं बघवत नाही. साधारण दिवस-दीड दिवसाने ताठरपणा आपोआप जातो. उन्हाळ्यात सगळंच लवकर होतं.

थंडावा. एसी असेल तर सर्वात कमी तापमानावर लावा आणि त्याला गादीवरून काढून फरशीवर ठेवा, कारण गादीत अंगाची उष्णता अडकते. बर्फाच्या पिशव्या पंचात गुंडाळून पोटाच्या दोन्ही बाजूंना लावा. पोट आधी फुगतं, म्हणून बर्फ डोक्याशी नको, पोटाशी हवा. वर पातळ सुती कापड टाका, माश्या बसू देऊ नका. अशा व्यवस्थेत रात्र निघते. मे महिन्यात पंख्याखाली नुसतं ठेवलं तर सहा-आठ तासांत वास सुरू होतो.

आणखी एक. अंग गार पडलं की गोचीड आणि पिसवा अंग सोडून बाहेर पडतात. त्याचं अंथरूण त्याच दिवशी गरम पाण्यात टाका किंवा उन्हात काढा.

पिंपळपान (रविवार, १:५८)

डॉक्टर, मनापासून आभार. डोळ्यांचं आणि श्वासाचं कोणीच सांगितलं नव्हतं. हे सगळं नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

कोकणवारा (रविवार, ४:१५)

आम्ही चिपळूणच्या बाजूचे. आमचे सगळे कुत्रे वाडीतच आहेत, नारळीच्या पलीकडे. सासूबाईंच्या वाडीत न्यायचं मनात असेल तर काही गोष्टी आधी बघा.

रत्नागिरीकडे हातभर मातीखाली जांभा, म्हणजे लाल कठीण दगड लागतो. ऐन वेळी गेलात आणि पहार आपटून दीड फुटावर थांबलात तर काय करणार? जागा आत्ताच गड्याला सांगून खणून बघा, खड्डा पावसाळा नसेल तर फळ्या टाकून झाकून ठेवता येतो. तीन-साडेतीन फूट खोली हवीच, मोठ्या कुत्र्याला चार. विहिरीपासून निदान शंभर फूट लांब, आणि उताराच्या खालच्या अंगाला. पावसाळ्यात आमच्याकडे दोन फुटांवर पाणी लागतं. त्या दिवसांत पुरण्याचा हट्ट धरू नये.

वर मोठे धोंडे आणि करवंदीच्या काट्या टाका. कोल्हे येतात, रानडुक्कर तर सगळं उकरतं. कापड सुती असू दे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पुरू नका, आत वर्षानुवर्षं काही होत नाही. गळ्यातला नायलॉनचा पट्टा काढून घ्या.

ऊसवाला (रविवार, ६:३०)

आमच्याकडं कऱ्हाडला दोन घमेली खडेमीठ आन् चुना टाकतात. लवकर विरघळतं म्हणतात. म्हाताऱ्या माणसांचा शब्द आहे.

गुरांचा_डॉक्टर (रविवार, ८:१०)

@ऊसवाला, माझ्याही गावात टाकतात. चुन्याने वास दबतो आणि जनावरं कमी उकरतात, एवढा उपयोग आहे. पण लवकर विरघळत नाही, उलट कुजणं मंदावतं. मिठानेही तेच होतं, आपण लोणचं त्यासाठीच घालतो ना. शिवाय त्या जागी झाड लावायचं असेल तर मिठाने मुळं जळतात. खोल खड्डा, नुसती माती आणि वर दगड. बाकी काही लागत नाही.

पिंपळपान, तुमचा इंजेक्शनचा प्रश्न राहिला होता. आधी भूल देऊन मग बार्बिट्युरेट गटातलं औषध शिरेतून देतात. हे औषध अंगात राहतं, पुरल्यावरही बराच काळ. ते शरीर एखाद्या भटक्या कुत्र्याने, घारीने किंवा गिधाडाने उकरून खाल्लं तर तेही मरू शकतं. म्हणून इंजेक्शन दिलं असेल तर दहन उत्तम. पुरायचंच असेल तर खोलीत तडजोड नको. उघड्यावर टाकणं तर अजिबात नाही.

आणि वेळ. घरी बोलवून करायचं ठरलं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळची वेळ घ्या. दाहिनी उघडी असते, माणसं मिळतात, रात्र काढावी लागत नाही. शनिवारी संध्याकाळी केलं की रविवार अंगावर येतो. लोकांना हा हिशेब निष्ठुर वाटतो. मला वाटत नाही. त्याच्यासाठी शेवटची सकाळ शांत जावी, एवढाच तो हिशेब आहे.

दवबिंदू (सोमवार, सकाळी ९:००)

मुंबईकरांसाठी: महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला एव्हरशाईन नगरमध्ये लहान प्राण्यांसाठी गॅसदाहिनी सुरू केली. त्याआधी पश्चिम उपनगरांतून लांब जावं लागायचं. आमची मांजर तिथेच नेली. माणसं सभ्य होती, घाई केली नाही.

लहान लिफ्टचं सांगते. मृत शरीर जिवंतपणी उचलायचो त्यापेक्षा कितीतरी जड लागतं, कारण ते सावरून घेत नाही. आधीच्या कुत्र्याच्या वेळी आम्ही जाड चादरीची झोळी केली आणि चौघांनी चार टोकं धरली. जिन्याने उतरायचं तर डोक्याची बाजू वर. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी फोन केला, त्यांनी वॉचमनला लिफ्ट धरून ठेवायला सांगितलं. कोणी तोंड वाकडं केलं नाही. दोन बायका तर हात जोडून उभ्या राहिल्या. सोसायटीच्या बागेत पुरायचा विचार मात्र करू नका, ती जागा सगळ्यांची असते.

रिक्षा, कॅब घेत नाहीत. कोणाची गाडी मिळणार ते आत्ताच पक्कं करा. मागची सीट पाडून ताडपत्री आणि वर चादर.

गोदाकाठ (सोमवार, रात्री ११:१२)

धागा माझा नाही, माफ करा. आमचा शेरू आत्ता अर्ध्या तासापूर्वी गेला. गावठी, अकरा वर्षांचा. हृदयाच्या गोळ्या चालू होत्या. नाशिक. घरी आई-बाबा आहेत, दोघं सत्तरीचे, मी एकटा. एसी नाही. काय करू आत्ता?

आडवाट (सोमवार, ११:१५)

इथेच आहे. आधी डॉक्टरांनी वर लिहिलंय तसं पाय पोटाशी दुमडून ठेवा, अजून वेळ आहे. खाली प्लॅस्टिक आणि चादर. फरशीवर.

दवबिंदू (सोमवार, ११:१७)

बर्फ: जवळ आइस्क्रीमचं दुकान किंवा बार उघडा असेल, तिथे मागा. कशासाठी ते सांगा, देतात. नाहीतर फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटल्या, मटार-बिटारची गोठलेली पाकिटं, काहीही. पोटाच्या दोन्ही बाजूंना. खिडक्या उघडा, पंखा चालू. मुंग्या येऊ नयेत म्हणून भोवती मुंग्यांच्या खडूची रेघ मारा.

गुरांचा_डॉक्टर (सोमवार, ११:२१)

गोदाकाठ, एकच विचारतो. गेल्या आठवडाभरात वागण्यात काही बदल होता का? लाळ गळणं, खालचा जबडा लोंबणं, पाणी गिळता न येणं, विनाकारण चावायला येणं?

गोदाकाठ (सोमवार, ११:२४)

नाही डॉक्टर. धाप लागायची, खोकला होता. आज संध्याकाळी दूध-भात खाल्ला थोडा. लस दरवर्षीची आहे. बर्फ मिळाला, कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याने लादीच दिली, पैसे घेतले नाहीत.

गुरांचा_डॉक्टर (सोमवार, ११:३१)

मग हृदयानेच गेला. रेबीजची शंका नाही, निर्धास्त हात लावा. बर्फ फोडून पिशव्यांत भरा, पाणी अंगाखाली साचू देऊ नका. आई-बाबांना त्याच्याजवळ बसायचं असेल तर बसू द्या. घरात दुसरं जनावर असेल तर त्यालाही येऊन हुंगू द्या, नाहीतर ते दिवसेंदिवस दारात शोधत राहतं. सकाळी सहापर्यंत काही करायचं नाहीये. उजाडल्यावर दोन वाटा: महापालिकेला फोन किंवा ओळखीचं शेत. कोणाचं शेत आहे?

गोदाकाठ (सोमवार, ११:३८)

निफाडला मामाचं. द्राक्षबाग आहे, बांधावर आंबा आहे. आत्ताच फोन केला, मामा म्हणाला सकाळी ये, खड्डा तयार ठेवतो.

ऊसवाला (सोमवार, ११:५०)

भाऊ, निफाडची जमीन काळी. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढी भेग पडते. तीन फुटावर भागवू नका, चार-साडेचार घ्या. आन् वरनं मातीचा चांगला उंच ढीग करा. पयल्या पावसात माती खाली बसते, तेव्हा परत भर टाकायला लागते. मामाला सांगून ठेवा. द्राक्षाच्या ओळीपास्नं लांब घ्या, तिथं ठिबकच्या नळ्या असतात.

पिंपळपान (मंगळवार, सकाळी ६:५०)

गोदाकाठ, रात्री वाचलं. तुमच्या आई-बाबांना नमस्कार सांगा. माफी कसली मागता, धागा त्यासाठीच आहे.

रानफूल (मंगळवार, ११:३०)

रेबीजचा विषय निघालाच आहे तर जरा थांबून लिहिते, माझी नोकरी सरकारी दवाखान्यात आहे. डॉक्टरांनी विचारलेली लक्षणं असतील तर त्या शरीराला उघड्या हाताने कवटाळायचं नाही, तोंड पुसायचं नाही, कितीही जीव तुटला तरी. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवायचं. खात्रीचं निदान मेंदूच्या नमुन्यावरूनच होतं, त्यामुळे पुरण्या-जाळण्याआधी विचारा. घरात ज्यांना चावलंय, ओरखडलंय किंवा जखमेवर, तोंडात लाळ लागली आहे, त्यांनी जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. ०, ३, ७, १४, २८ असे दंडातल्या इंजेक्शनचे दिवस असतात. जखम असेल तर सोबत सीरमही लागतं. सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. निदानाची वाट बघत थांबू नका. लक्षणं दिसायला लागल्यावर उपाय नाही.

काळा_घेवडा (मंगळवार, दुपारी १२:४५)

एक वेगळी परिस्थिती. आमच्या गल्लीत दोन वर्षांपूर्वी पाळीव कुत्र्याला कोणीतरी विष घातलं. घरच्यांनी दुःखात तासाभरात पुरून टाकलं आणि मग तक्रारीला काही आधारच उरला नाही. विषाचा संशय असेल तर शरीर बर्फात ठेवा, डीप फ्रीजरमध्ये गोठवू नका, गोठलं की ऊती खराब होतात आणि शवविच्छेदनात नीट दिसत नाही. ओकारी, उरलेलं खाणं वेगळ्या पिशवीत. फोटो. मग पोलिसांत तक्रार. प्राण्याला मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, शिवाय १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा आहेच. शवविच्छेदन सरकारी पशुवैद्यकाकडून करून घ्यायचं. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळ असाल तर तिथे विचारता येतं.

गोदाकाठ (मंगळवार, संध्याकाळी ७:०५)

सगळ्यांचे आभार मानायला आलो. सकाळी नऊच्या आत झालं. मामाने आणि दोन गड्यांनी साडेचार फूट खणलं होतं. आईने त्याच्या चादरीतच गुंडाळलं, तोंडाशी दही-भात ठेवला आणि तुळशीचं पान. बाबा गाडीत मागे त्याच्याशेजारी बसून आले, पुढे बसायला तयार नव्हते. ढीग केलाय, वर दगड आहेत. @ऊसवाला, ठिबकची नळी खरोखरच दोन हातांवर होती, जागा सरकवली.

रात्रीच्या त्या अर्ध्या तासात तुम्ही होतात. एवढंच म्हणतो.

सावलीतले_घर (मंगळवार, ८:४०)

इथे दहन, शेत, खासगी सेवा हे सगळं वाचलं. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. भाड्याची खोली, गाडी नाही, महिन्याची अखेर. आमची राणी गेली तेव्हा वॉर्ड ऑफिसला फोन केला. मुंबईत १९१६ वर सांगितलं तरी वॉर्डापर्यंत निरोप जातो. महापालिकेची गाडी दुपारी आली. दोघं जण होते. त्यातल्या एकाने विचारलं, ‘ताई, नाव काय होतं हिचं?’ आणि उचलताना डोक्याखाली हात धरला. मी त्यांना विचारलं, कुठे नेणार. त्यांनी नीट सांगितलं. पैसे मागितले नाहीत.

हे लिहायचं कारण, काही लोक म्हणतात ‘गाडीला देऊन टाकलं’ म्हणजे माया नव्हती. माझ्या मुलाने शाळेत हे ऐकलं. तसं कोणी कोणाला म्हणू नये. जो मार्ग परवडतो तो चांगलाच मार्ग आहे. फक्त रस्त्याकडेला, नाल्यात किंवा कचराकुंडीत टाकू नका. फोन करा आणि गाडी येईपर्यंत झाकून, सावलीत ठेवा.

दवबिंदू (मंगळवार, ८:५२)

सावलीतले_घर, अगदी खरं लिहिलंत. त्या माणसाला माझाही नमस्कार.

म्युनिचकर (मंगळवार, १०:३०)

परदेशातल्या मराठी लोकांना उपयोगी पडेल म्हणून. जर्मनीत स्वतःच्या बागेत पुरता येतं, शरीरावर निदान पन्नास सेंटिमीटर माती हवी, आणि पाणी-संरक्षित क्षेत्र नको. भाड्याच्या घरात मालकाची परवानगी लागते. बाग नसेल तर डॉक्टरच दहनाची व्यवस्था लावून देतात, एकट्याचं की एकत्र ते आपण सांगायचं. आम्ही राख घेतली. श्वानकर भरत असाल तर नगरपालिकेला मृत्यू कळवून नाव काढून घ्या, नाहीतर बिल येत राहतं. मायक्रोचिपच्या नोंदवहीतही कळवायचं.

इथल्या एकाकी फ्लॅटमध्ये माझ्या बायकोला सर्वांत जास्त आधार त्या कुत्रीचा होता. दहनाच्या दिवशी पुण्याहून सासरे व्हिडिओ कॉलवर होते आणि त्यांनी रामरक्षा म्हटली. कोणाला विचित्र वाटेल, आम्हाला योग्य वाटलं.

आडवाट (बुधवार, ९:१०)

परवान्याचा प्रश्न राहिला होता. महापालिकेच्या ज्या विभागाने परवाना दिला तिथेच मृत्यूची चिठ्ठी जोडून रद्द करायचा अर्ज द्यायचा, साधा एका पानाचा. भारतातही चिप असेल तर नोंद बदला. विमा असेल तर मात्र क्रम उलटा: आधी विमा कंपनीला कळवायचं, मग अंत्यसंस्कार. पॉलिसीप्रमाणे मृत्यूचा दाखला, फोटो, कधी शवविच्छेदनाचा अहवालही मागतात, आणि दहन झाल्यावर फोटो किंवा शवविच्छेदन शक्य नसतं. पॉलिसी आजच काढून वाचा.

पिंपळपान (बुधवार, रात्री ९:४५)

आज घरी सगळे बसलो आणि ठरवलं. गावी नेणार नाही. जांभा, सात तासांचा रस्ता, आणि पाऊस तोंडावर आहे. दहन पुण्यातच. सासूबाईंना वाडीत काहीतरी हवं होतं, तर राख तिकडे नेऊ आणि कलमाच्या आळ्यात घालू.

दोन ठिकाणांना फोन झाले, एकाची दाहिनी खरंच सध्या बंद आहे. शेजारच्या दादांनी गाडी आणि स्वतःचे दोन हात कबूल केलेत. सेक्रेटरींशी बोलले. पाकीट तयार आहे. विमा नाही. इंजेक्शनचं असं ठरलंय की त्याने पाणीही सोडलं किंवा उठून बाहेर जाता आलं नाही तर डॉक्टरांना घरी बोलवायचं, सकाळचं. तोवर ओढाताण करणार नाही.

लेकीने विचारलं की ती येऊ शकते का. हो म्हटलं. मला मात्र कळत नाहीये की नऊ वर्षांच्या मुलीला दाहिनीपर्यंत न्यावं का. कोणी नेलंय?

रानफूल (बुधवार, १०:०५)

मी नेलं होतं, मुलगा आठचा होता. आधी सगळं सांगितलं: अंग गार आणि कडक लागेल, डोळे उघडे असतील, दार बंद होईल आणि मग आपल्याला दिसणार नाही. घरी निरोप घेऊन थांबायचं की तिथे यायचं, हे त्यालाच ठरवू दिलं. आला. फुलं त्याने वाहिली. दार बंद व्हायच्या वेळी म्हणाला बाहेर थांबतो, तर त्याच्या बाबांबरोबर बाहेर थांबला. सोबत एक मोठं माणूस फक्त तिच्यासाठी असू दे, जे तिला घेऊन कधीही बाहेर पडू शकेल.

कोकणवारा (बुधवार, १०:२०)

राखेबद्दल. कलमाच्या बुंध्याशी सगळी एकदम ओतू नका. राख खारट असते, मुळांना सोसत नाही. एवढ्या कुत्र्याची साधारण किलोभर निघते. ती घमेलीभर मातीत आणि शेणखतात मिसळा आणि आळ्याच्या बाहेरच्या कडेने पसरा. पाऊस पडून गेल्यावर न्या म्हणजे मुरेल.

पिंपळपान (गुरुवार, ७:३०)

दोघांचेही आभार. लेकीला आज शाळेतून आल्यावर सांगते, आणि शेजारच्या काकूंना तिच्यासोबत थांबायला विचारते.

खंडूने आज सकाळी अर्धं अंडं खाल्लं. शेवटचा एक प्रश्न: त्याच्या किडनीच्या खाण्याची न उघडलेली पिशवी, सलाईनच्या बाटल्या आणि सुया शिल्लक राहतील. फेकायचं जिवावर येईल.

गुरांचा_डॉक्टर (गुरुवार, ८:१५)

फेकू नका. न उघडलेलं खाणं आणि मुदतीतल्या सीलबंद बाटल्या तुमच्या डॉक्टरांकडे द्या. किडनीचा दुसरा पेशंट त्यांच्याकडे असतोच, आणि त्यातल्या अनेकांना हे खाणं परवडत नाही. प्राण्यांच्या आश्रयस्थानांनाही हवं असतं. उघडलेली औषधं मात्र कोणाला देऊ नका, तीही डॉक्टरांकडेच नष्ट करायला द्या. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून. नुसत्या कचऱ्यात टाकल्या तर सफाई कामगाराच्या हातात घुसतात.

अंडं खातोय तर आणखी द्या. या टप्प्यावर पथ्याचा हट्ट नको. जे आवडीने खाईल ते.